नळ बसवायला आलेला माणूस

माझा भाऊ विल्फ जन्मभर सुतारकाम करत आला. आमच्या कीथली गावातल्या निम्म्या घरांचे जिने, दारं, कपाटं त्याच्या हातची आहेत. पावसानं फुगून कुणाचं दार अडकलं, तर जेवण अर्धवट टाकून रंधा घेऊन जायचा. आणि त्याच्या स्वतःच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला मूठ नव्हती, दोरीचा फास होता. त्याच्या बायकोनं, ऑड्रीनं, एका नाताळात त्या दोरीला लाल फीत बांधली होती. आल्यागेल्याला दाखवायची. "बघा, सुताराच्या घरचा दरवाजा." विल्फ आपला हसायचा आणि "करतो गं उद्या" म्हणायचा. घरातलं एकेक काम असं भिजत पडलेलं. मी त्याची थोरली बहीण, थेल्मा. त्याच गल्लीत चार घरं सोडून राहते. या गोष्टीवरून त्याला बोलायचा हक्क मला होता आणि तो मी पुरेपूर वापरला.

न्हाणीघरातले नळही त्यानं त्या 'उद्या'च्या भरवशावर बसवले.

आमच्या या जुन्या दगडी घरांना मुळात न्हाणीघरं नव्हतीच. माडीवरच्या मागच्या खोलीत उभे लाकडी खांब ठोकायचे, दोन्ही अंगांनी जिप्समचे बोर्ड लावायचे, की झाली भिंत. आत सगळी पोकळी. अशा भिंतीवर नळ लावायचा तर आधी दोन खांबांच्या मधे एक जाड आडवं लाकूड घालावं लागतं. नॉगिन म्हणतात त्याला. नळाची पितळी पट्टी त्या लाकडात स्क्रूनं आवळायची, मग वरून बोर्ड, मग फरशा. विल्फला हे झोपेतही सांगता आलं असतं, आणि लोकांच्या घरी त्यानं यात कधी कसूर केली नाही. पण गेल्या ऑक्टोबरात घरचे जुने नळ गळायला लागले. ऑड्रीला त्याच संध्याकाळी आंघोळ हवी होती. भिंत फोडायची म्हणजे फरशा काढा, धूळ, पसारा. त्यानं नवे नळ नुसत्या बोर्डात प्लास्टिकचे प्लग घालून अडकवले. "तात्पुरतं आहे," म्हणाला.

ऑड्रीला टबातून उठताना नळ धरायची सवय होती. तरुणपणापासूनची. तिच्या डोक्यातलं एकेक निसटायला लागलं होतं. किटली फ्रिजमधे सापडायची, महिना कुठला ते विचारायला ती माझ्याकडं यायची. पण टबात बसली की डावा हात न चुकता नळाकडं जायचा. नोव्हेंबरात ती तशीच उठायला गेली आणि नळ बोर्डाच्या ढलप्यासकट तिच्या हातात आला.

खांदा निखळला. डोक्याला मार लागला. दवाखान्यात बरेच दिवस काढून ती घरी आली, ती आणखी थोडी कुठंतरी सांडूनच. मला तिनं दारातच ओळखलं. "थेल्मा, केस किती वाईट कापलेत गं," म्हणाली. विल्फकडं मात्र तिनं पाहिलं आणि कोट काढून त्याच्या हातात दिला, टॅक्सीवाल्याला द्यावा तसा.

मला ती रोज ओळखायची, त्याला नाही. मला त्याची लाज वाटायची. जशी काही मी त्याच्या ताटातलं उचलून खात होते.

दिवसा तसं बरं चालायचं. संध्याकाळ झाली की ती अस्वस्थ व्हायची. विल्फ कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला असायचा आणि ती मला बाजूला ओढून विचारायची, "हे गृहस्थ घरी कधी जाणार?" एकदा तो झोपायला वर गेला तर तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे लोक दारात आले. तेव्हापासून तो खाली सोफ्यावर झोपायला लागला.

म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन पाहणी करायला नगरपालिकेकडून फॅरेलबाई म्हणून एक जण यायच्या. बाई भल्या होत्या. त्यांनी टबाशेजारी दगडी भिंतीवर धरायला एक पांढरा दांडा बसवून दिला. ऑड्रीनं तो उठताना कधी धरला नाही. त्यावर ती टॉवेल वाळत घालायची. न्हाणीघराला कुलूप लावून पाहिलं, तर ती दार बडवत रडायची. खाली सिंकपाशी मी तिला पुसून घ्यायची, तेव्हाही रडायची. फॅरेलबाईंनी हे सगळं बघितलं आणि सरळ सांगितलं, "त्या काय धरतात याच्याशी मला घेणं नाही. जे धरतील ते भिंतीत राहिलं पाहिजे. ईस्टर झाला की मी येते. टब वापरण्याजोगा असेल तर त्या इथं राहतील. नसेल तर मला त्यांना वृद्धांच्या केंद्रात हलवावं लागेल. आणखी एकदा पडल्या तर त्या उठायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फनं आपला जुना निळा डगला चढवला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि वर गेला. निवृत्तीनंतर तो डगला त्यानं घातलाच नव्हता. पोटावर बटणं लागेनात. मी जिन्याच्या पायथ्याशी बसून बटाटे सोलत होते. वर ऑड्रीच्या खोलीचं दार उघडलं आणि मी सुरी खाली ठेवली, आता ही ओरडणार म्हणून.

"तुम्ही नळाचं बघायला आलात का?" ती म्हणाली.

पिशवीतली हत्यारं खणखणली. मग विल्फचा आवाज आला, "हो."

"बरं झालं बाई आलात. कधीपासून सांगतेय. चहा घेणार ना?"

"घेईन की."

"साखर?"

"दोन."

त्याची साखर तिनंच तोडली होती, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि डबा कुठं लपवते ते मलासुद्धा कळू दिलं नव्हतं. ती खाली आली, डबा अचूक काढला. मग कपाटाच्या पार मागे हात घालून एक टवका उडालेला चहाचा मग बाहेर काढला. आमच्याकडं प्रत्येक घरात असा एक मग असतो, घरी कामाला आलेल्या माणसांसाठी. चांगले मग त्यांच्या चुन्यासिमेंटच्या हातात कोण देईल? विल्फनं उभ्या आयुष्यात लोकांच्या घरी अशाच मगांतून चहा प्यायला. स्वतःच्या घरातला तो मग त्याच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

चहा देऊन ती खाली येईल असं मला वाटलं होतं. ती संडासाच्या झाकणावर बसली आणि गप्पा मारत राहिली. मी बटाटे तसेच टाकून जिन्यात येऊन बसले.

"माझा नवरापण सुतार आहे," ती सांगत होती. "तुम्ही ओळखत असाल. विल्फ ऑल्ड्रॉइड."

"नाव ऐकलंय."

"सगळ्यांनी ऐकलंय. गावाला सोन्याचे हात आणि घरी बोंब. खाली दाराला दोरी बघितलीत? त्याची कारागिरी."

"लाज वाटायला पाहिजे त्याला."

"ओ, तुम्ही नका बोलू हं त्याला," ऑड्री म्हणाली. "मी बोलले तर चालतं."

मग तिनं सगळं सांगितलं. तो तिला पहिल्यांदा भेटला तो तिच्या बापाच्या दुकानाची फळी बसवताना, आणि मुद्दाम वाकडी बसवून पुन्हा दुरुस्त करायला आला, तेही. मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी त्याची बहीण आहे म्हणून मिरवते आणि हे मला जिन्यात बसून कळलं. वर करवत चालत होती, थांबत होती, चालत होती.

संध्याकाळी पाच वाजले की विल्फ डगल्यासकट पुढच्या दारानं बाहेर पडायचा, "येतो बाई उद्या" म्हणून. मग गल्लीला वळसा घालून मागच्या बोळातून परसदारी यायचा. मी कडी काढायची. तो डगला जिन्याखालच्या फडताळात टांगायचा, तोंड धुऊन आपल्याच घरात येऊन बसायचा. आणि ती मला विचारायची, हे गृहस्थ कोण.

पहिल्या दोन दिवसांत काम चांगलं पुढं सरकलं. फरशा निघाल्या, बोर्ड कापून झाला, आत खांबांच्या मधे लाकूड बसलं. मी मनात म्हटलं, आठवड्यात होतंय. पुढच्या सकाळी बघते तो लाकूड काढलेलं. "ओलं होतं," विल्फ म्हणाला. नवं आणलं, तेही बसलं. मग म्हणे नळ बोटभर वर हवेत, तिच्या हाताच्या बेतानं. ते मला पटलं. मग पाइप बदलायचे निघाले. मग पुन्हा लाकूड. तिकडं बेकरीच्या खिडकीत ईस्टरची चॉकलेटची अंडी लागली आणि इकडं न्हाणीच्या भिंतीला आपलं तेच भोक.

आणि रोज चहा. रोज ती त्याच झाकणावर. दुपारी जेवायची वेळ झाली की "तुम्ही डबा आणलाय का?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता त्याला सँडविच करून द्यायची.

एकदा तो तिला म्हणाला, "आधीचे नळ कुणी बसवले होते हो? अगदीच वाईट काम आहे."

मी जिन्यात होतेच. मला वाटलं उठावं आणि त्याचं तोंड दाबावं.

"विल्फनंच," ऑड्री म्हणाली. "पण चूक माझी. मीच मागे लागले. म्हटलं, आज मला आंघोळ हवी म्हणजे हवी. कुणाचं तरी दार बघून दमून आला होता तो बिचारा."

"तुम्ही पडलात त्यामुळं."

"मी? छे. कुणी सांगितलं?" मग तिनं आवाज खाली आणला. "पण नळ निघाला हे त्याला सांगू नका हं. तुम्ही आपले गुपचूप बसवून टाका. फार मनाला लावून घेतो तो."

पाना टबात पडल्याचा आवाज आला. मी खाली जाऊन सिंकचा नळ सोडून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते मला तिथं कुणाला ऐकू द्यायचं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात माझा संयम संपला. ऑड्री झोपली होती. मी वर गेले तर विल्फ गुडघ्यांवर बसून स्क्रू काढत होता. कालचेच.

"हे लाकूड काल बसवलंस ना?" मी विचारलं.

"जरा वाकडं होतं."

मी त्याच्या पिशवीतली पाणसळ काढली आणि लाकडावर ठेवली. "बुडबुडा मधोमध आहे, विल्फ."

तो टबाच्या काठावर बसला. स्क्रू मुठीत धरून. "काम संपलं की कामाला आलेला माणूस घरी जातो, थेल्मा," तो म्हणाला.

"अरे, हे घर तुझंच आहे की."

"संध्याकाळी नसतं. सकाळी इथं मला दोन चमचे साखर घालून चहा मिळतो. आणि ती माझ्याबद्दल बोलते. दिवसभर दुसरं काही बोलतच नाही ती. इतकं चांगलं तर मला तोंडावर कधी बोलली नव्हती गं."

मला काही कळेनासं झालं की मी ओरडते. "आणि ती बाई आली की तिला काय दाखवणार? भोक? घेऊन जातील तिला. मग केंद्रात जाऊन पी चहा, अभ्यागतांच्या खोलीत बसून. तिथं कोण म्हणून जाणार आहेस? नळवाला म्हणून?"

त्यानं तो स्क्रू पुन्हा लाकडात घातला, अर्ध्यावर आला आणि थांबला. मला स्वतःच्या जिभेचा राग आला, पण माफी मागायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. मी खाली आले.

दुसऱ्या दिवशी तो लाकडाच्या वखारीत गेला होता, आणखी काहीतरी निमित्त काढून. मी परसात कपडे वाळत घालत होते. आत आले तर घर फार शांत होतं. वर गेले. न्हाणीघराचं दार उघडं होतं. ऑड्री झोपायच्या झग्यात कोरड्या टबात बसली होती, आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भिंतीच्या भोकात होता. आत ती चाचपत होती. बोर्डाच्या काठानं हात सोलवटला होता आणि झग्याच्या बाहीला रक्त लागलं होतं.

"इथंच असतो तो," ती मला म्हणाली. "थेल्मा, इथंच असतो ना? मला उठता येत नाही."

मी तिला उचलायला गेले, पण माझ्या पाठीनं साथ दिली नाही. तेवढ्यात विल्फ आला. जिना धडधडत चढला, अंगात बाहेरचा कोट, डोक्यावर टोपी. तिनं त्याला दारात बघितलं आणि दोन्ही हातांनी छाती झाकून घेतली. "याला बाहेर काढ," ती किंचाळायला लागली. "थेल्मा, याला बाहेर काढ."

तो मागे सरला. जिना उतरून गेल्याचं मला ऐकू आलं. मला त्या क्षणी वाटलं, गेला, आता हा मोडला. पण लगेच पावलं परत वर आली, सावकाश. त्यानं निळा डगला घातला होता. बटणं न लावताच. खांद्याला पिशवी. दारावर त्यानं बोटानं टकटक केलं, दार उघडंच होतं तरी.

"नळवाला आलोय, बाई."

ऑड्रीचा चेहरा निवळला. तिनं रक्ताळलेला हात पुढं केला. "बरं झालं आलात. मला जरा उठवा हो. नळ सापडत नाहीये."

त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं. दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तिला हात लावला तो हा पहिल्यांदा. ती त्याच्या खांद्यावर रेलली आणि क्षणभर तशीच राहिली, आणि तो डोळे मिटून उभा होता. मग ती म्हणाली, "तुमच्या डगल्याला आमच्याकडच्यासारखा वास आहे," आणि बाजूला झाली.

त्या दिवशी त्यानं काम संपवायला घेतलं. चहा आला, मगात थंड होऊन गेला. त्यानं लाकूड दोन्ही खांबांत तिरपे लांब स्क्रू मारून आवळलं, वर दुसरं लावून ते दुप्पट जाड केलं, त्यावर पितळी पट्टी बसवली. पाणी एका बेतापलीकडं तापणार नाही असा व्हॉल्व खाली घातला. पाइपांत पाणी सोडून रात्रभर भिंत उघडी ठेवली, सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवून बघितला. मग ओलीत टिकणारा बोर्ड, मग फरशा, शेवटी नळ. ऑड्री झाकणावर बसून बोलत होती आणि तो पाठमोरा "हो बाई", "नाही बाई" करत होता.

फरशा सुकल्यावर त्यानं मला वर बोलावलं. "टबात बस."

"मी?"

"कपड्यांसकट बस. माझ्यापेक्षा तू जड आहेस."

"तोंड सांभाळून बोल."

पण बसले. नळ धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून स्वतःला वर ओढलं. नळ हलला नाही. भिंतही हलली नाही. ऑड्री हसून हसून वाकली. "थेल्मा, बूट घालून टबात," ती म्हणाली. विल्फही हसला. आम्ही तिघंही हसलो, आणि शेवटचं असं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

ईस्टर झाल्यावर मंगळवारी फॅरेलबाई आल्या. विल्फ तेव्हा वर टबाच्या फटीत भरलेल्या सिलिकॉनची कड साफ करत होता, डगल्यातच. ऑड्रीनं बाईंना ओळख करून दिली, "हे आमचे नळवाले." बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा विल्फकडं, आणि त्याच्याशी हात मिळवून म्हणाल्या, "छान काम केलंत." त्यासाठी मी त्यांना कधी विसरणार नाही. त्यांनी दोन्ही हातांनी नळ ओढून पाहिला, एक पाय टबाला लावून पाहिला. मग ऑड्रीला टबात बसवून उठायला सांगितलं. तिचा डावा हात भिंतीकडं गेला, नळावर बसला, आणि ती उठली. सहज. बाई म्हणाल्या, "राहू दे त्यांना इथंच."

आमचा जीव इतके महिने टांगणीला लागला होता, तो त्या एका वाक्यानं खाली आला. मला विल्फला मिठी मारायची होती, पण नळवाल्याला मिठी कशी मारणार? तो वाकून हत्यारं गोळा करत होता. एकेक हत्यार फडक्यानं पुसत होता, जे तो कधीच करत नाही.

"झालं का सगळं?" ऑड्रीनं विचारलं.

"झालं, बाई."

"म्हणजे उद्या येणार नाही तुम्ही."

"नाही."

ती खाली गेली. स्वयंपाकघरात तिनं फळांच्या केकचा जाड तुकडा कापला, त्यावर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा ठेवला, आमच्याकडं खातात तसा, आणि सगळं चांदीच्या कागदात नीट गुंडाळलं. पुढच्या दारात त्याच्या हातात दिलं.

"हा तुमच्या बायकोला. इतके दिवस तुम्हाला आम्ही इथं अडकवून ठेवलं. वाटेत खाऊ नका, सांगते."

"नाही खाणार."

"आणि जा आता लवकर घरी. वाट बघत असेल ती."

विल्फनं टोपी काढली. मग पायऱ्या उतरला. ऑड्रीनं दार लावलं आणि वरची कडीही घातली. "चांगला माणूस होता," ती मला म्हणाली. "पण डोळ्यात काहीतरी होतं बघ त्याच्या. घरी ठीक नसावं."

मी खिडकीतून बघितलं. तो रस्त्यात उभा होता, एका हातात पिशवी, एका हातात ते पुडकं, आणि आपल्याच घराकडं बघत होता. पाऊस भुरभुरत होता. बराच वेळ उभा राहिला. मग बोळाकडं वळला. मी परसदारी जाऊन कडी काढून ठेवली. आत आल्यावर त्यानं डगला काढला आणि खुंटीवर टांगता टांगता तसाच त्यात तोंड खुपसून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात असलं काही करायची रीत नाही, पण ठेवला.

संध्याकाळचं जेवण मी वाढलं. अंडी, बटाटे, मटार. विल्फ तोंड धुऊन, स्वेटर घालून येऊन बसला. ऑड्रीनं खुर्ची जरा दूर ओढून घेतली. जेवण झाल्यावर त्यानं ते पुडकं टेबलावर ठेवलं, कागद उलगडला आणि तिच्यापुढं सरकवलं. मी त्याला मानेनं नको म्हणाले. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. त्याला सांगितलं होतं, बायकोला दे, आणि तो देत होता.

ऑड्रीनं केककडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"हा माझा केक आहे," ती म्हणाली. "हा मी नळवाल्याच्या बायकोसाठी दिला होता. तुमच्याकडं कसा आला?"

विल्फनं टेबलावर सांडलेला चुरा बोटानं गोळा केला.

"थेल्मा, या माणसानं त्या बिचाऱ्याकडून केक काढून घेतला बघ." तिचा आवाज कापायला लागला. "त्याची बायको तिकडं वाट बघत असेल. काय माणूस आहात हो तुम्ही."

"मी घेतला नाही," विल्फ म्हणाला. "त्यानंच परत दिला. त्याची बायको घरी नव्हती."

"नव्हती? कुठं गेली?"

"त्याला माहीत नाही."

ऑड्री केककडं बघत राहिली. मग तिनं सुरी घेतली, त्याचे दोन तुकडे केले, चीजचेही दोन केले, आणि एक तुकडा त्याच्याकडं सरकवला. "बिचारा," ती म्हणाली. "एकटाच असेल आता. त्याला बोलवा हो परत. त्या दाराला मूठ बसवायची आहे. विल्फ काही करायचा नाही."

"सांगतो त्याला," विल्फ म्हणाला.

मी त्या दाराकडं पाहिलं, दोरीकडं, विटलेल्या लाल फितीकडं. जिन्याचा कठडा एका बाजूनं बसवायचा राहिला होता. पुढच्या खोलीत भिंतीच्या पायाची पट्टी अर्धीच होती. परसातल्या फाटकाला एकच बिजागर होतं. जन्मभर या सगळ्यावरून मी त्याचं डोकं खाल्लं. आणि आता तिथं बसून मी मनात एकेक काम धुंडाळत होते, आणखी कुठं काही मोडकं सापडतंय का म्हणून, आणि जेवढी सापडत होती तेवढी मला कमीच वाटत होती.

विल्फनं केकचा तुकडा तोंडात घातला. ऑड्रीनं आपला तुकडा चवीनं संपवला, बोटं पुसली आणि माझ्याकडं झुकून हळूच विचारलं, "हे गृहस्थ घरी कधी जाणार गं?"